मुकं वजन

काका सध्या कुठे आहेत, असं इथल्या मराठी मंडळातले लोक मला अजून विचारतात. मला नक्की सांगता येत नाही. एक नंबरच्या हायवेवर कुठेतरी असतील, डाव्या कडेने, नव्वदच्या वर अजिबात न जाता, मागे चिडलेल्या गाड्यांची रांग लावून. जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन ते रांगेला वाट देतात, हे मात्र खरं. प्रत्येक गाडीला हात करतात आणि ती गाडी पुढे गेल्यावर तिच्या मागच्या भागाकडे बघून काहीतरी पुटपुटतात. काय पुटपुटतात ते मला माहीत आहे.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती ऑकलंडच्या मनुरेवा भागातल्या त्यांच्या घराच्या दारात. मी पुण्याहून शिकायला आले होते आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणार होते. 'ये, बस' नाही, 'प्रवास कसा झाला' नाही. दारातच बाथरूममधला वजनकाटा मांडून ठेवलेला, जुना, सुईवाला. त्यांनी माझी बॅग उचलून त्यावर उभी केली.

"सव्वीस," ते म्हणाले.

"नाही हो, तेवीस. मुंबईला विमानतळावर मोजली होती."

"मग उतरल्यावर काहीतरी कोंबलंस."

कोंबलं होतं. ऑकलंडला गरम झालं म्हणून दोन स्वेटर आणि बूट बॅगेत घातले होते. मी कबूल केलं.

"काटा खोटं बोलत नाही," काका म्हणाले. "त्याच्यावर उभं राहणारा बोलतो. आणि तुझी बॅग उलाळ आहे. सगळं जड वर भरलंस, म्हणून ती सारखी मागे पडते. आता तू. नुसतं बघून सांगतो, बावन्न किलो. प्रवासात एखादा कमी झाला असेल."

मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, "अहो, मुलगी आहे ती, कलिंगड नाही. आत येऊ द्या तिला."

त्या काकू. काठी टेकत दारापर्यंत आल्या होत्या. काठी तेव्हा नवीनच होती आणि तिची त्यांना जरा लाजच वाटत असावी, कारण माझ्याशी बोलताना त्यांनी ती पाठीमागे धरली.

उलाळ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि पुढे पंधरा वर्षं ऐकत राहिले. पुढे गेलेल्या गाडीकडे बघून ते पुटपुटतात तोही हाच. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त वजन झालं की गाडी मागे कलते आणि पुढचं जू वर उचललं जातं. ती गाडी उलाळ. काकांचे वडील साताऱ्याकडच्या एका गावात सुतार होते, बैलगाड्या करायचे. काका शिकले, पुण्यात ट्रकच्या कारखान्यात लागले, मग इकडे येऊन टाकानिनीतल्या एका ट्रेलरच्या वर्कशॉपमध्ये निवृत्त होईपर्यंत राहिले. पण जगाची त्यांची वाटणी वडिलांच्या वेळचीच. फ्रीज उलाळ असायचा, कारण वरच्या कप्प्यात डोशाच्या पिठाचं पातेलं. बढाया मारणारा माणूस उलाळ. आमच्या मंडळाची कमिटी तर कायमची उलाळ. "सगळे मागे बसतात आणि पुढे ओढायला एकच बैल," असं ते सर्वसाधारण सभेत उभं राहून म्हणाले होते. तो एक बैल अध्यक्ष होता, आणि तो पुढे दोन वर्षं काकांशी बोलला नाही.

गाडीच्या डिकीत कायम तो वजनकाटा. कोणाकडे जेवायला गेले तरी निघताना बांधून दिलेला डबा आधी काट्यावर. लोक हसायचे. मीही हसायचे, पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्यांना आकड्याचं कौतुक नव्हतंच. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "वजन किती ते विचारू नये. वजन कुठे ते विचारावं." आणि दुसरं, त्याहून कडक: "मुकं वजन वाहायचं नाही." मुकं वजन म्हणजे जे आपण वाहतो पण वापरत नाही ते. वापरत नसलेली वस्तू घरात दिसली की काका तिला 'मुकी' म्हणायचे आणि ती पुढच्या शनिवारी सेकंडहँड दुकानात गेलेली असायची.

अपवाद एकच. गॅरेजच्या दाराला अडसर म्हणून लावलेला काकूंचा पाटा-वरवंटा.

त्याची गोष्ट काकूंनी मला इतक्या वेळा सांगितली की मी तिथे होते असंच वाटतं. तीस वर्षांपूर्वी दोघं इकडे यायला निघाले तेव्हा काकांनी प्रत्येक बॅग तीनतीनदा मोजली होती. पाटा न्यायचा नाही, हे ठरलेलं. मिक्सर मिळतो तिकडे. काकू हो म्हणाल्या आणि विमानात हातात घ्यायची काकांची बॅग स्वतः भरली. "एवढी जड का?" काकांनी विचारलं. "तुमची पुस्तकं आहेत, मशीन डिझाइनची," काकू म्हणाल्या. स्वतःच्या पुस्तकांबद्दल काकांना आदर होता. त्यांनी ती बॅग मुंबईपासून ऑकलंडपर्यंत खांद्यावर वाहिली. इथे विमानतळावर माती-बियाणं तपासणाऱ्या बायोसिक्युरिटीच्या माणसाने बॅग उघडायला लावली आणि बाहेर निघाला पाटा.

"व्हॉट इज धिस?" त्याने विचारलं.

"किचन अप्लायन्स," काकू म्हणाल्या.

त्याने पाटा हुंगला. आत घेऊन गेला. ब्रशने घासून, धुऊन, पुसून परत आणून दिला. "इतका स्वच्छ माझ्या सासूबाईंनीही कधी धुतला नव्हता," हे काकूंचं पालुपद. काका ही गोष्ट चालू असताना खिडकीबाहेर बघायचे. "आयुष्यात एकदाच मी न मोजता ओझं उचललं," एवढंच म्हणायचे. आणि मग, "बावीस किलो. वरवंट्यासकट."

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, हॅमिल्टनला रोटोटुनामध्ये घर घेतलं. मनुरेवाला जाणं-येणं चालू राहिलं. दर वेळी काकूंची एकेक गोष्ट गेलेली दिसायची. काठी गेली, वॉकर आला. वॉकर गेला, चाकाची खुर्ची आली, मग बॅटरीवरची. स्नायूंचा आजार होता, हळूहळू चालणारा, मागे न फिरणारा. काकू त्याबद्दल एवढंच म्हणायच्या की, "खालून वर चाललाय गं, जिना चढतोय. तोंडापर्यंत पोचेपर्यंत मी बोलून घेते." डोकं शाबूत, जीभ तर विचारूच नका.

एका रविवारी त्या म्हणाल्या, "तीस वर्षं या एक नंबरच्या रस्त्याच्या आवाजात झोपतेय मी. त्याचं दुसरं टोक मला बघायचंय."

एक नंबरचा हायवे त्यांच्या घरामागून जातो. दुसरं टोक म्हणजे ब्लफ, दक्षिण बेटाच्या पार तळाशी, जिथे रस्ता समुद्रापाशी जाऊन थांबतो. विमानाने जाता आलं असतं, पण काकूंना टोक नुसतं बघायचं नव्हतं, रस्त्याने जाऊन बघायचं होतं. मोटेलमध्ये त्यांचं जमेना. बाथरूमची दारं, पलंगाची उंची, रात्रीतून तीनदा कूस बदलायला लागणारी यंत्रं. घरच बरोबर न्यायला हवं होतं. आणि खुर्ची एकशेसाठ किलोची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांच्या हातात अजून दोन उन्हाळे आहेत, फार तर. त्यानंतर लांबचा प्रवास विसरा.

टॉय हॉलरची कल्पना काकांची. ही एक जातीची कॅरव्हॅन असते, गाडीला मागे जोडून ओढत न्यायची. पुढच्या अर्ध्या भागात घर: पलंग, शेगडी, बेसिन. मागचा अर्धा भाग गॅरेज, त्यात लोक मोटारसायकली किंवा चिखलात फिरवायच्या चारचाकी नेतात. मागची अख्खी भिंत खाली उतरते आणि तिचाच रॅम्प होतो. "ज्या उतारावरून मोटारसायकल चढते, त्यावरून खुर्ची चढेल," काका म्हणाले. एका आठवड्यात घेऊन मोकळे होतील असं मला वाटलं. मी त्यांना पंधरा वर्षं ओळखत होते, तरी वाटलं.

आधी ती ओढायला पिकअप ट्रक. इकडे त्याला यूट म्हणतात. विकणारा प्रत्येक माणूस एकच सांगे, साडेतीन टन ओढतो. काका विचारत, "आणि थांबवतो किती?" मग खिशातून टेप काढून शेजारच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजत. विकणारे चक्रावायचे. काकूंची खुर्ची बटण दाबलं की लिफ्टसारखी वर उचलली जाई, पण पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या वर नाही. तिथून फळीवरून घसरत त्या सीटवर जाणार. म्हणजे सीट पंच्याऐंशीच्या आत हवी. सगळ्या देशात ज्यांची हवा आहे असे यूट काकांनी तीन-तीन सेंटिमीटरसाठी नाकारले. एकाने सुचवलं, टायर थोडे लहान लावा. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो स्वतःच "नो वरीज" म्हणत आत गेला. शेवटी मिळाला तो सात वर्षं जुना, पांढरा, चेहरा नसलेला.

"लाल हवा होता," काकू म्हणाल्या.

"लाल एकोणनव्वद आहे."

"मी चार सेंटिमीटर उडी मारली असती लालसाठी."

कॅरव्हॅन बघायला आम्ही तिघं जायचो. पहिल्याच यार्डातला माणूस हसत समोर आला. "किया ओरा! सो व्हॉट टॉइज आर वी हॉलिंग, मेट? क्वाड्स? डर्ट बाइक्स?"

काका उत्तर जुळवत होते. काकूंनी खुर्ची दोन फूट पुढे घेतली. "मी," त्या म्हणाल्या. "आय ॲम द टॉय. सिक्स व्हील्स, फुल्ली इलेक्ट्रिक, टॉप स्पीड टेन."

तो माणूस कानापर्यंत लाल झाला. काकूंना त्याची दया आली असावी, कारण त्यांनी त्याला खुर्चीचा हॉर्न वाजवून दाखवला.

तोवर काका इस्त्रीच्या पँटसकट कॅरव्हॅनखाली जाऊन उताणे पडले होते. चाकांचा आस नाकापासून किती लांब, मागच्या टोकापासून किती, ते मोजत होते. खरी गोम तीच होती. गॅरेज मागे. म्हणजे एकशेसाठ किलोची खुर्ची चाकांच्याही मागे. म्हणजे कॅरव्हॅन उलाळ. यूटच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर कॅरव्हॅनचं नाक जेवढ्या भाराने टेकायला हवं तेवढं टेकणार नाही. काकांच्या हिशोबात दोनशेचाळीस किलो हवे. कमी चालणार नाहीत, जास्तही नको.

"शी'ल बी राइट, मेट," यार्डवाला म्हणाला, म्हणजे होतंय सगळं ठीक.

काका बाहेर आले, पाठ झटकली आणि मला मराठीत म्हणाले, "हे वाक्य ज्या देशात इतक्या वेळा म्हणतात, तिथे आपल्यासारख्याला कामाला तोटा नाही."

एक उन्हाळा गेला. किती यार्डं, किती लोकांची अंगणं पालथी घातली, आठवत नाही. दर वेळी खुर्ची आत, पट्टे आवळलेले, आणि काकांची मान हलायची, नाही. पर्थहून त्यांचा मुलगा फोनवर ओरडायचा, "बाबा, जस्ट बाय द थिंग!" हिवाळा संपत आला. काकूंचा चमचा एक दिवस हातातून पडला आणि त्यांनी तो उचलून मागितला नाही. त्या दिवशी माझा तोल गेला.

"काका, तुम्ही बसा मोजत," मी स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाले. "तुमचं मोजून होईपर्यंत काकू उरणार नाहीत."

बोलून गेले आणि जीभ चावली. काकांनी हातातला कप विसळून पालथा घातला. पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला, "ये. आज तू चालव."

एका गृहस्थाची कॅरव्हॅन त्यांनी चाचणीसाठी आणली होती. मालक म्हणाला होता, वर्षानुवर्षं ओढतोय, काही होत नाही. काकूंची खुर्ची घरीच होती, तेवढ्या वजनाचं सामान मागे बांधलेलं. मी स्टिअरिंगवर, काका शेजारी, मांडीवर टोपी. "सत्तरच्या वर नाही," एवढीच सूचना. बॉम्बे हिल्स चढून पलीकडे पोकेनोच्या बाजूला उतरायला लागलो. तेवढ्यात उजवीकडून एक भलामोठा दुधाचा टँकर निघून गेला आणि त्याच्या वाऱ्याने आमची कॅरव्हॅन एकदा हलली. मग परत हलली. आरशात ती डावीकडून दिसली, मग उजवीकडून, मग डावीकडून, दर वेळी जास्त. यूटची मागची बाजू तिने धरून हलवायला घेतली. स्टिअरिंग हलकं झालं, जणू पुढची चाकं जमिनीवर नाहीतच. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नाही," काका म्हणाले. आवाज भाजी मागतात तसा. "पाय उचल. हात सरळ. वळवू नकोस, नुसती धर."

आणि त्यांनी डॅशबोर्डखालचं लहान बटण अंगठ्याने दाबलं. ते फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक लावतं, यूटचे नाही. मागून कोणीतरी शेपूट धरून ओढावं तशी कॅरव्हॅन ताणली गेली, एकदा डावीकडे, एकदा थोडी उजवीकडे, आणि सरळ झाली.

पोकेनोला मी गाडी बाजूला घेतली.  काकांचा अंगठा अजून हवेत बटण दाबत होता. त्यांच्या ते लक्षात आल्यावर त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला.

"वडील गाडी तयार झाली की जू एका बोटावर घ्यायचे," ते म्हणाले. "बोटाला कळायचं. उलाळ गाडी चढाला लागली की जू वर जातं आणि बैलाच्या गळ्याखालची जुपणी आवळते. बैल ओरडू शकत नाही, फास बसतो. वडील म्हणायचे, गाडी बिघडली तर दोष सुताराचा, फास मात्र बैलाला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बसली होतीस त्याच्या शेजारची सीट तिची आहे पोरी. पंच्याऐंशी सेंटिमीटरची. तिला उतरून पळता येत नाही."

मी त्यांना आयुष्यात खूपदा हसले होते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला मला त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला. लावला नाही, त्यांना चाललं नसतं. पण परतताना मी साठच्या वर गेले नाही, आणि त्यानंतर त्यांच्या मोजण्याला मी कधी हसले नाही.

कॅरव्हॅन शेवटी मलाच सापडली, हॅमिल्टनच्या बाहेर, मोटारसायकलींच्या शर्यतीला जाणाऱ्या एका कुटुंबाची. मुलं मोठी होऊन पांगली होती. चाकं नेहमीपेक्षा मागे होती. काका तिच्याखालून बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान आडवी हलवली नाही. खुर्ची आत चढवली. मग त्यांनी आपलं यंत्र मांडलं. जाड फळी, एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली तो बाथरूमचा काटा, आणि फळीवर कॅरव्हॅनचं नाक अशा बेताने टेकवलेलं की काट्यावर तिसरा हिस्साच येईल. काट्याची कुवत एकशेतीसची, म्हणून ही युक्ती. सुईवर येईल त्याला तीनने गुणायचं. ऐंशी हवे होते.

पन्नास आले.

मालक बिचारा जुन्या चहाच्या मगमधून कॉफी पीत बघत होता. काकांनी सकाळी दहा ते दुपारी तीन काय केलं ते मी पाहिलंय. मागे टांगलेलं स्टेपनीचं चाक काढून पुढे बसवलं. बॅटऱ्या पुढे. कपाटातल्या जड वस्तू पलंगाखाली पुढे. खुर्ची बोटभर बोटभर पुढे सरकवत भिंतीला टेकवली. दर बदलानंतर परत नाक फळीवर. अठ्ठावन्न. सहासष्ट. एकाहत्तर. त्र्याहत्तरला सुई थांबली ती थांबली. हलवण्यासारखं काही उरलं नाही.

"वीस-एकवीस किलोची चणचण आहे," काका म्हणाले आणि मटकन पायरीवर बसले.

"पुढच्या पेटीत वाळूची पोती टाका," मालक म्हणाला. "एव्हरीवन डझ."

"नो डेड वेट," काका म्हणाले.

मला रडू येईल असं वाटलं. डिसेंबर, म्हणजे इकडचा दुसरा उन्हाळा, तोंडावर आला होता. एका पोत्यासाठी हा माणूस नाही म्हणणार होता, आणि मी त्याला दोष देऊ शकत नव्हते, कारण ते त्यांच्या जगण्याचंच कलम होतं. तेवढ्यात काकू अंगणातल्या झाडाखालून, माझ्या गाडीच्या सीटवरून म्हणाल्या, "बावीस किलो आहे की आपल्याकडे. वरवंट्यासकट."

काकांनी मान वर केली.

"तो मुका आहे," ते म्हणाले. "सात वर्षांत तू वाटलेलं नाहीस."

"मला हात नाहीत. तुम्हाला आहेत ना? रोज वाटा. मग बोलेल तो."

काकांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग उठून म्हणाले, "रोज नाही. मुक्कामाला."

पाट्यासाठी पुढच्या पेटीत त्यांनी लाकडी चौकट बनवली, रबर लावून, तसूभर हलू नये अशी. तो आत ठेवल्यावर सुई ऐंशीवर आली. बरोबर ऐंशीवर.

फेब्रुवारीत दोघं निघाले. काकूंची बोटं टाइप करण्यापलीकडे गेली होती, म्हणून त्या मला आवाजाचे निरोप पाठवायच्या. ताउपोला शेंगदाण्याची चटणी. वेलिंग्टनला जवसाची. पिक्टनला बोटीतून उतरल्यावर लसणाची. कॅम्पग्राउंडवर काका जमिनीवर मांडी घालून वाटत असत आणि काकू खुर्चीतून देखरेख करत. मला एक फोटो आला: हवाई चपला आणि पोहायचे कपडे घातलेली सात-आठ पोरं गोल करून उभी आहेत आणि मधे काका, घामाघूम, वरवंटा ओढतायत. खाली काकूंचा आवाज: "जाड राहिलीय, परत फिरवा म्हटलं तर म्हणतात हात भरून आले. तीस वर्षं मला विचारत होते मिक्सर असताना हा कशाला." मागून काकांचं, "अगं, रेकॉर्ड होतंय ते." आणि परत काकू, "होऊ दे. शेजारच्या बाईने चटणी खाल्ली, 'हीप्स गुड' म्हणाली आणि मग अर्धा तास पाणी पीत होती."

ब्लफहून आलेला निरोप मी अजून ठेवला आहे. वाऱ्यात निम्मे शब्द उडून गेलेत. "अगं, टोक आलं! रस्ता खरंच संपतो इथे, पुढे नुसता समुद्र. पिवळा खांब आहे, त्यावर जगातल्या गावांची अंतरं लिहिली आहेत. सातारा नाहीये, मी बघितलं. ह्यांची टोपी उडाली. हे खांबाची उंची मोजतायत... अहो, पुरे, इकडे या. माझ्या शेजारी या." पुढे कितीतरी वेळ फक्त वारा आहे. फोन बंद करायला दोघंही विसरले होते.

त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. घरी, स्वतःच्या पलंगावर, रस्त्याचा आवाज येत असताना.

पलंग, कूस बदलायचं यंत्र, खुर्ची, सगळं सरकारी मदतीतून आलेलं, ते परत करावं लागतं. खुर्ची न्यायला दोन माणसं आली तेव्हा काकांनी त्यांना पट्टे कुठे आवळायचे ते समजावून सांगितलं आणि व्हॅन कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिच्या मागच्या चाकांकडे बघत राहिले.

सप्टेंबरमध्ये त्यांचा फोन आला. "शनिवारी ये. मापायला दोन माणसं लागतात."

मी गेले तर ड्राइव्हवेमध्ये यूट, मागे कॅरव्हॅन, आणि फळी, वीट, काटा मांडून तयार. घराला कुलूप लावायच्या बेतात होते. कुठे जाणार विचारलं तर म्हणाले, "रस्ता आहे." आम्ही नाक फळीवर घेतलं. सुई एक्क्याण्णववर गेली.

"खुर्ची गेली ना," मी म्हणाले. "म्हणून पुढे जड झाली." पंधरा वर्षांत एवढं मीही शिकले होते. मी पेटी उघडून बघितली. पाटा त्याच्या चौकटीत होता, स्वच्छ धुतलेला. "सोपं आहे, काका. पाटा काढला की झालं. त्र्याऐंशी येतील, ते चालतील."

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

आणि घराच्या गॅरेजमध्ये गेले. पाण्याचे वीस-वीस लिटरचे रिकामे डबे घेऊन आले. दोन, चार, आठ. कॅरव्हॅनच्या मागे, जिथे खुर्चीचे चार पट्टे अजून जमिनीला लावलेले होते, तिथे त्यांनी ते ओळीने मांडले. आठ विशे एकशेसाठ. मला हिशोब करायला वेळ लागला नाही.

"काका," मी म्हणाले, "हे मुकं वजन आहे."

त्यांनी बागेतला पाइप माझ्या हातात दिला. "भर," म्हणाले.

मी भरले. एकेक डबा काठोकाठ, कारण थोडाही कमी राहिला तर त्यांना कळलं असतं. ते झाकणं लावत गेले, पट्टे आवळत गेले, प्रत्येक पट्टा दोनदा ओढून बघत गेले, तिला बसवल्यावर बघायचे तसे. मग आम्ही परत पुढे आलो आणि नाक फळीवर टेकवलं. सुई थरथरली आणि ऐंशीवर येऊन थांबली.

काका काट्यापाशी उकिडवे बसले होते.  मग म्हणाले, "जुळलं."

काटा खोटं बोलत नाही, त्याच्यावर उभं राहणारा बोलतो, हे मी याच घराच्या दारात शिकले होते. त्या सकाळी काटा सांगत होता की काकूंची खुर्ची आत आहे. आणि पाणी मी भरलं होतं.